बाबांची पाठ आणि उपवासकाळ

गेल्या महिन्यात माझी भाची पाठीवर निळे डाग घेऊन घरी आली आणि वर मलाच म्हणते, "मावशी, काय जबरदस्त डीप टिश्यू मसाज झाला! नुसता जीव गेला माझा." जीव गेला म्हणून खूश! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, "अगं बये, याला मसाज नाही म्हणत, याला बदडणं म्हणतात. आणि त्या बदडणारीला तू हसत हसत थँक्यू म्हणून आलीस?" ती हसली आणि मोबाईल बघत बसली. मी मात्र स्वयंपाकघरात निघून गेले. कारण असे डाग मीही पाडले आहेत. परक्याच्या नव्हे, सख्ख्या बापाच्या पाठीवर, तेही माझं लग्न तोंडावर आलेलं असताना.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात फिजिओथेरपीच्या विभागात मदतनीस होते. विभागात एक आंधळे गृहस्थ होते, लहानपणीच देवीच्या रोगात डोळे गेलेले. त्यांना सगळे मास्तर म्हणत, मोठे डॉक्टरसुद्धा. गिरणीतले कामगार, गोदीतले हमाल, कंबर धरून बसलेल्या बायका, सगळे त्यांच्या टेबलावर यायचे. मास्तर अंगाने किरकोळ होते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, हा काय दाबणार! आणि पंधरा मिनिटांनी तोच माणूस टेबलावर घोरत असायचा.

मला शिकवलं ते त्यांनीच, आणि शिकवताना त्यांची जीभ फार तिखट होती. पहिल्याच दिवशी मी तेलाची वाटी भरून घेतली तर म्हणाले, "भजी तळायची आहेत का?" खोल जायचं तर तेल कमी, नाहीतर हात नुसता वरून घसरत राहतो. आधी हाताचा पूर्ण तळवा ठेवायचा, अंग गरम करायचं, वरचे स्नायू सैल होऊ द्यायचे. मग मूठ, मग कोपराखालचा हात, आणि अंगठा अगदी शेवटी. जोर दंडातून नाही आणायचा. पाय रोवून उभं राहायचं आणि आपल्या अंगाचं वजन हळूहळू पुढे झुकवायचं. सरळ खाली खुपसायचं नाही, तिरकं जायचं. हाडावर नाही, मणक्यावर तर कधीच नाही. "बंद दार ढकलू नकोस," म्हणायचे, "टेकून उभी राहा. आतला माणूस उघडेल तेव्हा आत जा."

आणि एक गोष्ट ते रोज सांगायचे, की पेशंटच्या तोंडाचं ऐकू नकोस, श्वासाचं ऐक. मी मान डोलवायची. मला वाटायचं, यांना दिसत नाही म्हणून हे श्वास ऐकतात. आपल्याला डोळे आहेत, तोंड बघून कळतं की!

आमचं घर वसईकडे, नंदाखालजवळ, वाडीत. घरची बोली वेगळी, ती लिहिली तर निम्म्यांना कळायची नाही, म्हणून इथे बाबा माझ्या शाळेच्या मराठीत बोलतील. बोलतील म्हणजे काय, फारसे बोलायचेच नाहीत. उंच, ताठ माणूस. वाडीत केळी, नारळ, थोडी फुलं. केळीचा लोंगर, म्हणजे अख्खा घड, खांद्यावर टाकून विहिरीपासून पडवीपर्यंत असे चालायचे की खांद्यावर काही आहे हे बघणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये.

माझं लग्न ठरलं ईस्टरनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्नं होत नाहीत, त्यामुळे ईस्टर झाला की चर्चमध्ये लग्नांची रांगच लागते. बाबांना या लग्नाची वेगळीच ओढ होती. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात बाबांना कावीळ झाली होती, ते घरी अंथरुणावर आणि तिला चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत, बापाच्या जागी, काकाने नेलं. पाच वर्षं झाली तरी बाबांना ते लागून राहिलं होतं. अल्बम निघाला की ते उठून वाडीत जायचे. मी शेवटची. माझ्या वेळी ते आईला एकदाच म्हणाले, पण मी ऐकलं, "हिला मीच नेणार. धरून-बिरून नाही. सरळ चालत."

आणि उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यात त्यांच्या कमरेत उसण भरली. लोंगर उचलताना अंग वळवलं आणि तिथेच अडकले. आई धावत गेली तर बाबा केळीच्या खुंटाला धरून उभे, अर्धे वाकलेले, खाली नाही आणि वर नाही. आगाशीच्या डॉक्टरांनी तपासलं. हाड शाबूत आहे, शीर दबलेली नाही, स्नायू धरले आहेत, आठवडाभर पडून राहा म्हणाले. आठवडा झाला, बाबा उठले, पण कंबर वाकलेलीच. चालताना आपल्याच चपला शोधत असल्यासारखे दिसायचे.

आईने आधी तिचा उपाय केला. शेजारच्या वाडीतली एक काकू पायाळू होती, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाने पाय लावला की उसण उतरते, हे आमच्याकडे ख्रिस्ती असो की हिंदू, सगळे मानतात. काकू पदर खोचून आली. बाबा चटईवर पालथे. तिने पाय धुतला, पुसला, आणि कमरेवर अलगद ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवून उभी राहिली, मग थोडं वजन टाकलं, मग उचलला. असं तीनदा. "उतरेल हो भाऊ," म्हणाली, चहा प्यायली आणि गेली. मी दारात उभी राहून तोंड वाकडं करत होते. इस्पितळात शिकलेली ना मी! दुसऱ्या दिवशी बाबा खरंच जरा बरे चालले. मी म्हटलं, योगायोग.

मग मी लग्नाची रजा घेतली आणि कंबर कसली. कसली म्हणजे माझी. बाबांची तर आधीच कसलेली होती. रोज दुपारच्या चहाआधी पडवीत चटई, तिच्यावर दोन गोधड्या, बाजूला कोमट खोबरेल तेल. बाबांना पालथं घालायचं, पायाच्या घोट्याखाली उशी. कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू हाताला लागले तेव्हा मी चरकलेच. दोरखंड! उजव्या बाजूला तर बोट शिरायला जागा नाही.

पहिले दोन दिवस शहाण्यासारखं केलं. हळू, रुंद, वरवर. तिसऱ्या दिवशी कोपराखालचा हात लावला आणि विचारलं, "बाबा, दुखतंय का?"

"नाही."

थोडं आणखी वजन टाकलं. "आता?"

"नाही."

मला आश्चर्य वाटलं, पण हुरूपही आला. म्हटलं, काय अंग आहे! इस्पितळात याच्या निम्म्याने गोदीतले हमाल बोंबलतात. अंगठा लावला, अंगठ्यावर दुसरा अंगठा ठेवला. "दुखतंय?" "नाही, बाय." चेहरा तर गोधडीत खुपसलेला, दिसणार काय? लग्नाला दिवस उरले मोजके, आणि पाठ काही सुटेना. मग माझा धीर सुटला. पाचव्या दिवशी मी कोपर घातलं. मास्तरांनी कोपर वापरायचं नाही म्हणून बजावलं होतं, तीन वर्षं झाल्याशिवाय नाही. मी घातलं. स्नायू आतून उलटा ताठ होत होता, मला बाहेर ढकलत होता, आणि मी त्याला गाठ समजून आणखी दाबत होते. "दुखतंय?" "नाही."

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी सकाळी बाबा उठलेच नाहीत. म्हणजे उठता येईना. आईने पाठीवरचा सदरा वर केला आणि मला हाक मारली. मी धावत गेले. कमरेवर दोन्ही बाजूंना जांभळे-निळे डाग होते. माझ्या कोपराचे.

"तुम्ही नाही नाही म्हणत होतात!" मी ओरडलेच. रडत ओरडले. "मी दहा वेळा विचारलं!"

बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. आईने मला हाताला धरून मागच्या पडवीत नेलं आणि म्हणाली, "त्यांच्यावर ओरडू नको. ते या उपवासकाळात दुखलं-खुपलं बोलणार नाहीत."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी आमच्यात प्रत्येकजण काहीतरी सोडतो, ईस्टरपर्यंत. मी चहातली साखर सोडली होती, आईने मासळी. बाबा दरवर्षी कडक उपवास करायचे. पण त्या वर्षी पोटातल्या जळजळीमुळे डॉक्टरांनी उपाशी राहायला साफ मनाई केली होती. मग सोडायचं काय? विडी ते ओढत नव्हते, दारूचं नाव नाही. तेव्हा त्यांनी कुरकुर सोडली. चाळीस दिवस कशाचीही तक्रार करायची नाही, जे दुखेल ते मेलेल्या आईबापांच्या आत्म्यांसाठी देवाला द्यायचं, म्हणजे ते लवकर स्वर्गात जातात. आणि नवस गुप्त ठेवायचा असतो, म्हणून आई गप्प.

म्हणजे मी इकडे कोपर खुपसत होते आणि तिकडे आजी-आजोबांचे आत्मे वर चढत होते! आज सांगताना हसू येतं. तेव्हा मी विहिरीच्या काठावर बसून इतकी रडले की आईला वाटलं लग्नच मोडलं. राग बाबांचा आला, देवाचा आला, पण सगळ्यात जास्त माझाच आला. ज्या पाठीला मी सरळ करायला निघाले, ती मीच मोडली होती. काकाला कोट शिवायला सांगावा का, हेही आईने त्या दिवशी हळूच विचारून घेतलं.

सोमवारी रजा असूनही मी इस्पितळात गेले. मास्तरांपुढे सगळं ओकले. वाटलं होतं, हाकलून देतील. त्यांनी फक्त विचारलं, "तू दाबताना त्यांचा श्वास कुठे होता?"

मी आठवायला लागले. आणि आठवलं. श्वास नव्हताच. मी कोपर घातलं की पडवीत एकदम शांतता व्हायची, आणि मी उचललं की बाबा लांब सुस्कारा टाकायचे. मला वाटायचं, बरं वाटतंय.

"तोंड नवस करतं," मास्तर म्हणाले, "फुप्फुसं नवस करत नाहीत." मग त्यांनी पायाळू काकूची हकिगत पुन्हा सांगायला लावली. पाय कसा ठेवला, टाच आधी की तळवा, किती वेळ. मला वाटलं थट्टा करणार. ते म्हणाले, "त्या बाईला तुझ्यापेक्षा जास्त कळतं." माझं नाक कापलं गेलं, पण खरं होतं. रुंद तळवा, हळू वजन, आणि वाट बघायची. मी जे दोन वर्षं शिकत होते ते तिने चहाआधी करून दाखवलं होतं.

परत येताना मी फादरांकडे गेले. म्हटलं, फादर, यांना या नवसातून सोडवा. फादर आधी पोट धरून हसले, मग गंभीर झाले आणि संध्याकाळी घरी आले. बाबांना म्हणाले, "मुलीला दुखतंय म्हणून सांगणं ही तक्रार नव्हे, उत्तर आहे. मी मोकळीक देतो." बाबांनी पडल्या पडल्या हात जोडले. फादर गेल्यावर बाबा मला म्हणाले, "फादर चांगले आहेत. पण शब्द मी त्यांना नव्हता दिला." झालं!

चार दिवस मी पाठीला हात लावला नाही. फक्त गरम पाण्यात पिळलेला टॉवेल. गुड फ्रायडेला बाबा घरीच राहिले, आयुष्यात पहिल्यांदा. शनिवारी मी पुन्हा चटई घातली, पण कंबर सोडून. मास्तरांनी सांगितलं होतं, दुखतं तिथेच दुखण्याचं मूळ असतं असं नाही. पोटऱ्यांपासून सुरुवात केली. मग मांडीचा मागचा भाग, मग खुब्याच्या बाजूचे जाड स्नायू. वाडीतला माणूस दिवसभर उकिडवा बसणारा, वाकणारा. खुबे कसे आखडले होते! तिथून कंबर खाली ओढली जात होती, आणि मी वरून तिच्याशी मारामारी करत होते.

या वेळी मी विचारलंच नाही. डोळे मिटले. तळवा ठेवला, थांबले. बाबांनी श्वास घेतला, मी थांबले. सोडला, तेवढंच वजन पुढे टाकलं. पुन्हा थांबले. एका जागी श्वास अडकला, अगदी टिचकीभर. मी लगेच वजन कमी केलं, हात मात्र उचलला नाही. दोन-तीन श्वास गेले आणि हाताखालचं मांस असं मऊ होऊन वाट देऊ लागलं की मीच दचकले. मी काही केलं नव्हतं. नुसती टेकून होते. किती सोपं होतं, आणि किती उशिरा कळलं मला! त्या दुपारी बाबा चटईवरच झोपले, तोंड उघडं टाकून. आई ओसरीतून बघून गेली, पुन्हा येऊन बघून गेली. मला फार, फार बरं वाटत होतं.

ईस्टर आला, नवस संपला. सोमवारी चटईवर मी मुद्दाम विचारलं, "आता तरी सांगा. दुखतंय?"

"नाही."

"बाबा!"

"सवय लागली, बाय," ते म्हणाले, आणि त्यांची पाठ माझ्या हाताखाली हसताना हलली. मला रागही आला आणि हसूही. खरं तर सवय त्या चाळीस दिवसांची नव्हतीच. मी त्यांना आयुष्यात कधी 'दुखतंय' म्हणताना ऐकलं नव्हतं. विळा पायावर पडला तेव्हा नाही, आजी गेली तेव्हाही नाही.

दहा-बारा दिवसांत डाग पिवळे होऊन गेले. पाठ सरळ झाली. अगदी पूर्वीसारखी नाही, पण सरळ. सकाळी बरी, दुपारनंतर कुरकुरायची. बाबा नव्हे, पाठ. काकाचा कोट मात्र आईने शिवून घेतलाच होता. "असू दे, लागला तर," म्हणाली. बाबांनी तो दांडीवर टांगलेला बघितला आणि ते वाडीत निघून गेले.

लग्न दुपारी चारचं, म्हणजे नेमकी वाईट वेळ. सकाळपासून बाबा उभेच होते. मांडव, पाहुणे, भांडी. मी पांढऱ्या साडीत अडकलेली, बाहेर जाऊन दोन मिनिटं हात लावते म्हटलं तर बायकांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं. नवरीने बापाची कंबर चोळायची? चर्चच्या दारात बाबांनी दंड पुढे केला आणि मी धरला. बाजा थांबला, आत ऑर्गन सुरू झाला. आमचं चर्च लांबलचक आहे. आधी कधी लांब वाटलं नव्हतं.

आम्ही निघालो. बाबा ताठ. लोक वळून बघत होते, मी मात्र ना नवऱ्याकडे बघत होते ना वेदीकडे. मी कान लावून चालले होते. अर्ध्या वाटेवर, खांबापाशी, त्यांचा श्वास थांबला. कोटाच्या बाहीखाली दंड दगड झाला. मला कळलं, पण सगळ्या गावासमोर मी यांना थांबवू कशी? माणूस पाच वर्षं या वाटेसाठी थांबलेला. मी पाऊल बारीक केलं. तेही पुरेना.

तेवढ्यात बाबाच थांबले. माझ्याकडे थोडे झुकले आणि म्हणाले, "बाय, थांब जरा. दुखतंय."

ऑर्गनवाल्याने घाबरून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. नवरीने मन बदललं, असंच सगळ्यांना वाटलं. समोर नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, तो अजून मला त्याबद्दल माफ करत नाही. मी त्यांचा दंड सोडला, तो हात मागे नेला आणि बाबांच्या कमरेवर पूर्ण तळवा ठेवला. दाबला नाही. मला रडू फुटलं. लोकांना वाटलं, घर सुटतंय म्हणून. मी रडत होते ते बाबांनी मला सांगितलं म्हणून.

"सोडा," मी म्हटलं. त्यांनी श्वास सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. हाताखाली कंबर सैल झाली.

"चला," बाबा म्हणाले, आणि आम्ही उरलेली वाट सरळ चालत गेलो.